लिखाण उडवलं गेलं तर काय करायचं (आणि उडवणारे तुम्हीच असाल तर काय करू नये)

रात्री कथेचा चौथा भाग टाकला, सकाळी उठून बघते तर धागाच (म्हणजे साइटवरचं ते लिखाणाचं पान, खालच्या प्रतिसादांसकट) गायब. पान उपलब्ध नाही, एवढीच ओळ. ना मेसेज, ना कारण, ना कोणाची सही. माझ्याबरोबर हे दोनदा झालंय, आणि नंतर दोनेक वर्षं मी स्वतः एका ऑनलाइन लेखनसमूहाची मॉडरेटर (थोडक्यात मॉड, म्हणजे नियमात न बसणारं काढून टाकायचा अधिकार असलेली देखरेख करणारी) होते तेव्हा मीही लोकांचं लिखाण उडवलंय, त्यातलं एक तर चक्क चुकून. म्हणजे दोन्हीकडच्या शिव्या खाऊन झाल्यात. खालचं सगळं त्यातून आलेलं आहे, जमलं तर क्रमाने करा, कारण बहुतेक लोक शेवटची पायरी पहिली चढतात आणि मग सगळंच फिसकटतं.

आधी हात आवरा आणि कॉप्या गोळा करा

पहिला तासभर कुठेही काहीही लिहायचं नाही. "मुस्कटदाबी!!!" असा नवा धागा काढायला बोटं शिवशिवतात, माहितीये, पण त्या तासात करायचं काम वेगळं आहे. कुठल्या फोनवर, लॅपटॉपवर ते पान अजून उघडं असेल तर ते रिफ्रेश करू नका. फोनवर असेल तर आधी इंटरनेट बंद करा, मग अ‍ॅप उघडा आणि वरून खालपर्यंत स्क्रीनशॉट घेत जा. मग ईमेल बघा, कारण बऱ्याच ठिकाणी "अमक्याने प्रतिसाद दिला" या मेलमध्ये अख्खा प्रतिसादच येतो आणि आपण ते मेल न उघडता साठवत असतो. लॉगिन न करता दिसणारं पान असेल तर वेबॅक मशीनवर (वेबपानांच्या जुन्या प्रती साठवणारी साइट) पत्ता टाकून बघा, नशीब असेल तर जुनी प्रत सापडते. बंद ग्रुपमधलं मात्र तिथे सापडणार नाही, त्यात वेळ घालवू नका.

हे इतकं का सांगतेय? तर पहिल्या वेळी कथा माझ्या फाइलमध्ये होती, तिचं काही बिघडलं नाही, पण खालचे ४३ प्रतिसाद गेले ते गेलेच. त्यातल्या एकाने दुसऱ्या भागातल्या दिवसांचा हिशोब कसा चुकलाय ते तारखेवार मांडून दाखवलं होतं आणि मी "नंतर निवांत वाचते" म्हणून सोडून दिलं होतं. ते आजतागायत परत मिळालेलं नाही. आपण आपलं लिखाण जपतो पण ऑनलाइन लिहिण्यातला निम्मा माल दुसऱ्यांच्या प्रतिसादात असतो, तो कोणी जपत नाही. तेव्हापासून काहीही टाकलं की आठवड्याभराने ते पान प्रतिसादांसकट पीडीएफ करून ठेवते. दोन मिनिटांचं काम आहे.

कोणी उडवलं ते ओळखा

"मॉडने उडवलं" हे आपण फार पटकन म्हणतो. पण लिखाण गायब व्हायच्या चार तरी वाटा आहेत आणि प्रत्येकीचा उपाय वेगळा.

टाकल्या टाकल्या, म्हणजे काही सेकंदात गेलं, तर ते बहुतेक माणसाने केलेलंच नसतं. शब्दांची यादी घेऊन बसलेला फिल्टर असतो तो. फिल्टरला अर्थ कळत नाही, अक्षरं कळतात. याचं जुनं उदाहरण म्हणजे १९९६ मध्ये इंग्लंडमधल्या स्कनथॉर्प गावच्या लोकांना एओएल या इंटरनेट सेवेवर खातंच उघडता येईना, कारण गावाच्या नावात लागोपाठ चार अक्षरं अशी येतात की फिल्टरला ती शिवी वाटली! असल्या अडचणीला आजही त्या गावाच्याच नावाने ओळखतात. तुमचं असं झालं असेल तर भांडायचं काही कारणच नाही, "फिल्टरमध्ये अडकलंय वाटतं, जरा बघता का" एवढा मेसेज पुरतो.

काही तासांनी गेलं तर बहुधा कोणीतरी रिपोर्ट केलंय आणि मॉडने बघितलंय. काही दिवसांनी, तेही एकदम तीनचार लिखाणं एकत्र गेली, तर वरून म्हणजे साइटच्या मालकाकडून किंवा कॉपीराइटच्या तक्रारीवरून असायची शक्यता जास्त, आणि तिथे तुमच्या ग्रुपच्या मॉडच्या हातात काहीच नसतं, त्या बिचाऱ्यालाही तुमच्याइतकंच माहीत असतं.

चौथी वाट सगळ्यात चिडचिड करणारी. लिखाण तुम्हाला दिसतंय पण दुसऱ्या कोणालाच दिसत नाहीये. रेडिट या विषयवार चर्चागटांच्या साइटवर मॉडने काढलेली पोस्ट लिहिणाऱ्याला स्वतःच्या प्रोफाइलवर दिसत राहते, त्यामुळे लोक आठवडाभर "कोणीच कसं वाचत नाही" म्हणून झुरत बसतात. शंका आली की लॉगआउट करून किंवा खाजगी विंडोमध्ये तोच पत्ता उघडून बघायचा. दिसलं नाही तर समजा.

सेन्सॉरशिप म्हणायचं का मग?

यावर हजार प्रतिसादांचे धागे झालेत, मी थोडक्यात उरकते. सरकारने लिखाण बंद पाडणं आणि खाजगी समूहाने काढून टाकणं या कायद्याच्या दृष्टीने वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेच्या राज्यघटनेतली पहिली दुरुस्ती, जिचं नाव प्रत्येक भांडणात निघतं, ती सरकारला बांधते, साइटच्या मालकाला नाही. पण "आमचं घर आमचे नियम" म्हटलं की विषय संपतो असंही नाही ना. घर तुमचं, पण त्यातलं सगळं सामान लोकांनी फुकट आणून ठेवलेलं आहे, तेव्हा एखादी वस्तू फेकली तर का फेकली एवढं तरी विचारणारच की लोक.

माझ्या लेखी खरा प्रश्न काय काढलं हा नाहीच, कसं काढलं हा आहे. कडक नियम असलेले समूह मी बघितलेत जिथे लोक सुखाने लिहितात, आणि "इथे पूर्ण स्वातंत्र्य आहे" असं मिरवणारे समूहही बघितलेत जिथे दोन माणसांच्या मर्जीवर सगळं चालतं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हा सगळीकडचा न लिहिलेला नियम आहे आणि तो हुडकणं हेच तुमचं काम.

नियम वाचा, पण तारखेसकट

नियमावली सदस्य होताना कोणी वाचत नाही, मीही नाही वाचली. आता वाचा. त्यात तीन गोष्टी बघायच्या: नियमात मोजता येईल असं काही आहे का (लांबी, टॅग, दिवसाला किती धागे) की नुसतं "अयोग्य", "अनुचित", "वातावरण बिघडवणारं" असं आहे, दुसरं म्हणजे नियम शेवटचा कधी बदलला, आणि तिसरं, दाद मागायची सोय लिहिलीये का. "संपादकांचा निर्णय अंतिम राहील" हे वाक्य असलं तरी घाबरू नका, ते सगळीकडेच असतं.

तारीख का बघायची तर नियम वर्षानुवर्षं झोपून असतो आणि एक दिवस उठतो. फॅनफिक्शन डॉट नेट या साइटने (फॅनफिक्शन म्हणजे आवडत्या पुस्तक-सिनेमातली पात्रं घेऊन चाहत्यांनी लिहिलेल्या कथा) प्रौढांसाठीच्या कथा २००२ मध्येच बंद केल्या होत्या, पण नंतरही तसलं बरंच तिथे राहिलं, लोकांना वाटलं चालतंय, आणि २०१२ मध्ये साफसफाई झाली तेव्हा दहा वर्षांचं जुनं लिखाण धडाधड गेलं. नियम नवा नव्हताच. "इतकी वर्षं चाललं की" हा आपला सगळ्यात लाडका मुद्दा असतो आणि अपिलात तो सगळ्यात कमी चालतो.

मोघम नियमाने काय होतं त्याचं मोठं उदाहरण लाइव्हजर्नल या ब्लॉगच्या साइटचं. २००७ च्या मे महिन्यात त्यांनी बाहेरच्या तक्रारींवरून ५०० च्या आसपास खाती एका फटक्यात बंद केली. बंद केलेल्या खात्याच्या नावावर आडवी रेघ दिसायची म्हणून त्या प्रकरणाला लोक स्ट्राइकथ्रू म्हणतात. निवड झाली ती मुख्यतः खात्याच्या "आवडीचे विषय" या रकान्यातल्या शब्दांवरून, आणि त्यात अत्याचारातून वाचलेल्यांचे आधारगट गेले, फॅनफिक्शनचे समूह गेले, नाबोकोवच्या लोलिता कादंबरीवर स्पॅनिशमधून चर्चा करणारा गटसुद्धा गेला. सुक्याबरोबर ओलंही जळतं ते असं. नंतर कंपनीने माफी मागितली, बरीच खाती परत आली, पण लोकांनी जो धडा घ्यायचा तो घेतला होता. फॅनफिक्शनवाल्यांनी त्याच सुमाराला स्वतःची ना-नफा संस्था उभी केली आणि २००९ मध्ये स्वतःच्या सर्व्हरवर एओ३ नावाचं संग्रहस्थळ खुलं केलं. तिथली मला आवडलेली युक्ती म्हणजे लिखाणावर इशारे (आत हिंसा वगैरे आहे असे) लेखकच लावतो, आणि "मी इशारा न द्यायचं ठरवलंय" हाही एक रीतसर पर्याय आहे. मग मॉडला कथेची चव घेत बसावं लागत नाही, इशारा खोटा आहे का एवढंच बघावं लागतं. त्या स्थळाला २०१९ मध्ये विज्ञानकथांच्या जगातला मानाचा ह्यूगो पुरस्कारही मिळाला.

आता पत्र लिहा, छोटं

माझं पहिलं अपील नऊशे शब्दांचं होतं. त्यात अभिव्यक्तिस्वातंत्र्य होतं, हुकूमशाही होती, माझ्या सहा वर्षांच्या सदस्यत्वाचा उल्लेख होता आणि शेवटी "मला इथे राहायचंच नाहीये" हे होतं. उत्तर आलं नाही. आता मॉड होऊन आल्यावर कळतं की का नाही आलं, ते वाचून उत्तर द्यायला अर्धा तास लागला असता आणि त्यात उत्तर देता येईल असा प्रश्न एकही नव्हता!

दुसऱ्या वेळी लिहिलं ते जवळपास असं होतं:

"नमस्कार. माझ्या कथेचा भाग ४, १२ तारखेला रात्री १०:४० ला टाकलेला, आज सकाळपासून दिसत नाही. तो काढला असेल तर कोणत्या नियमाखाली ते कळवाल का? नियम ६ असावा असा माझा अंदाज आहे. तसं असेल तर तिसऱ्या परिच्छेदातली दोन वाक्यं बदलायची माझी तयारी आहे, बदललेली खाली देतेय. दुसरा काही आक्षेप असेल तर नेमका कोणत्या ओळीवर ते सांगावं. शुक्रवारपर्यंत वाट बघते."

बस. यात वेळ आहे, एकच मुख्य प्रश्न आहे, समोरच्याला "हो" म्हणायला सोपं जाईल अशी वाट आहे आणि एक तारीख आहे. तारीख धमकी म्हणून नाही हां, ती तुमच्यासाठी आहे, नाहीतर आपण रोज इनबॉक्स उघडून जळत बसतो. आणि पत्र एका मॉडच्या खाजगी खात्यावर न पाठवता सगळ्या मॉड मंडळींना जाईल अशा पत्त्यावर पाठवा, कारण ज्याने उडवलं त्याच्याकडेच दाद मागायची म्हणजे पुढचं सांगायला नको.

दोन वाक्यं बदलणं म्हणजे शरणागती का? कधी कधी हो. मला ती दोन वाक्यं तशीही फार प्रिय नव्हती म्हणून बदलली. शेवटाला हात लावायला सांगितलं असतं तर मी कथा उचलून चालती झाले असते. ही रेघ पत्र पाठवायच्या आधीच स्वतःशी मारून ठेवा, रागात मारलेली रेघ भलतीकडेच पडते.

कारण मागणं म्हणजे आगाऊपणा नाही हेही लक्षात ठेवा. २०१८ मध्ये काही डिजिटल हक्क संस्थांनी आणि अभ्यासकांनी सांता क्लारा तत्त्वं मांडली, त्याचा गाभा असा की किती मजकूर काढला ते आकडे जाहीर करा, ज्याचा काढला त्याला कारण कळवा आणि दाद मागायची संधी द्या. युरोपियन युनियनमध्ये तर डिजिटल सर्व्हिसेस अ‍ॅक्टखाली (१७ फेब्रुवारी २०२४ पासून पूर्ण लागू) मजकूर काढल्याचं कारण कळवणं बंधनकारक आहे आणि छोट्या कंपन्या सोडल्या तर प्लॅटफॉर्मना निदान सहा महिने तक्रारीची खिडकी उघडी ठेवावी लागते. तुमच्या वीसपंचवीस जणांच्या कवितेच्या ग्रुपला हे सगळं लावायचं म्हणजे डोंगर पोखरून उंदीर, पण कारण आणि दाद या दोन गोष्टी मागायला कायदा कशाला लागतो?

पलीकडून कसं दिसतं

हे जरा सविस्तर लिहिते कारण इथे आपण सगळेच चुकतो. मॉडच्या स्क्रीनवर तुमची कथा नसते, रांग असते. रात्री सगळं आवरून मी तासभर बसायचे, समोर तीसेक रिपोर्ट, त्यातले निम्मे "मला आवडलं नाही" छापाचे. एकदा एका कथेवर दहा मिनिटांत चौदा रिपोर्ट आले. बाकी सगळ्यांवर एकेक, हिच्यावर चौदा, म्हणजे काहीतरी भयंकर असणार. मी पहिला परिच्छेद वाचला, एक जहाल शब्द दिसला, उडवली. दुसऱ्या दिवशी नीट बघितलं तर चौदापैकी अकरा आयडी एकाच कंपूतले होते आणि त्या कथेच्या लेखकाने आदल्या आठवड्यात त्यांच्यातल्या एकाच्या कवितेवर कडक टीका केली होती. म्हणजे बटण मी दाबलं पण बोट त्यांचं होतं. परत लावायला गेले तर आमच्या तिथे "काढा" म्हणजे कायमचं काढा असंच होतं. लेखकाकडे प्रत नव्हती, थेट चौकटीत टाइप करायचा तो. मी माफी मागितली, तो काही बोलला नाही, परत आलाही नाही.

म्हणून तुमच्यावर असं झालंय अशी शंका असेल तर पत्रात एक ओळ घाला: "एकाच वेळी बरेच रिपोर्ट आले असतील तर ते कोणाकडून आले हे कृपया एकदा तपासावं." नावं घेऊ नका. मॉडला ते दिसतं, तुम्हाला दिसत नाही, तुम्ही घेतलेलं नाव चुकलं तर तुमचाच मुद्दा बुडतो.

उत्तरच आलं नाही तर

एक आठवण पाठवा. मग वही काढा, खरंच सांगतेय, वही नाहीतर साधी शीट. तारीख, काय काढलं, काय कारण दिलं, आणि चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा: तसंच दुसऱ्या कोणाचं काय तिथे सुखाने नांदतंय. एका प्रसंगावरून कोणी तुमचं ऐकणार नाही. पाचसहा नोंदी झाल्या आणि त्यात सारखेपणा दिसला, उदाहरणार्थ ठरावीक विषयावरचं तेवढं जातंय किंवा ठरावीक माणसांवर टीका केलेलं तेवढं जातंय, तर मग जाहीर धागा काढा. त्यात शीट द्या, विशेषणं देऊ नका, मॉडचं नाव देऊ नका. खाजगी मेसेजचे स्क्रीनशॉट तर अजिबात नाही, त्या क्षणी चर्चा तुमच्या लिखाणावरून उठते आणि स्क्रीनशॉट टाकणं बरोबर की चूक यावर जाऊन बसते, मग संपलं.

आणि डुआयडी (दुसऱ्या नावाने खोटं खातं) काढू नका हो. मी मॉड असताना आठवड्याला एखादा पकडायचोच आम्ही, लिहायची लकब लपत नाही, स्वल्पविरामाआधी स्पेस देणारा माणूस दहा आयडींतून ओळखू येतो. शिवाय तोवर तुमची बाजू खरी असली तरी आता नियम तुम्ही मोडलेला असतो.

तुम्हीच मॉड असाल तर

थोडंच सांगते. उडवण्याआधी लपवा किंवा कुलूप लावा, कायमचं काढायला दोन माणसांची संमती ठेवा. काढलंत तर मजकूर लेखकाच्या इनबॉक्समध्ये जाऊ दे. काय काढलं, कुठल्या नियमाखाली, याची यादी सगळ्यांना दिसेल अशी ठेवा, लेखकाचं नाव नसलं तरी चालेल. आणि ज्या धाग्यावर तुम्ही स्वतः वाद घातलाय तिथे बटणाला हात लावू नका. स्लॅशडॉट या तंत्रज्ञानाच्या बातम्यांवर चर्चा चालणाऱ्या साइटने हे फार पूर्वीच बांधून टाकलं होतं. तिथे साध्या सदस्यांनाच अधूनमधून दुसऱ्यांचे प्रतिसाद वरखाली करायला पाच गुण मिळायचे, ते तीन दिवसांत वापरले नाहीत तर बाद, आणि ज्या चर्चेत तुम्ही लिहिलंत तिथे तुमचं गुण देणं रद्द. शिवाय १९९९ पासून त्या गुण देणाऱ्यांनी बरोबर दिले का हे तपासणारी दुसरी फळी. किचकट वाटतं, पण सत्ता छोटी आणि नाशवंत ठेवायची ही कल्पना मला अजूनही पटते. उलट रेडिटवर मॉडची उतरंड असते, आधी आलेला नंतर आलेल्याला काढू शकतो, नंतर आलेला वरच्याला नाही. असल्या ठिकाणी नवीन मॉड व्हायच्या आधी यादीत सगळ्यात वर कोण बसलंय ते बघून घ्या, पुढची सगळी भांडणं तिथेच मिटणार आहेत किंवा पेटणार आहेत.

निघायचं ठरलं तर

दार आपटू नका, आधी सामान काढा. साइटवर डाउनलोडची सोय असेल तर वापरा, एओ३ वर ईपब नाहीतर पीडीएफ करून घेता येतं. शिवाय तिथे कथा न काढता फक्त आपलं नाव काढून ती मागे ठेवायची सोय आहे, म्हणजे वाचकांच्या खुणा तुटत नाहीत. मॉडशी भांडण नसलं तरी हे करून ठेवावं, कारण अख्खी साइटच उठते कधी कधी. याहू ग्रुप्सवर वर्षानुवर्षं साठलेलं लिखाण होतं, २०१९ च्या डिसेंबरात मजकूर गेला आणि पुढच्या डिसेंबरात उरलेलं दुकानही बंद झालं. तिथे तर कोणाशी भांडायलाही जागा नव्हती.

आणि परत मिळालं तर? तरी तपासा. माझा भाग ४ अकराव्या दिवशी परत आला, सोबत "तांत्रिक चूक" अशी दोन शब्दांची चिठ्ठी. मी खूश. दोन दिवस एकही वाचक फिरकला नाही तेव्हा लॉगआउट करून बघितलं तर पान उघडत होतं, पण कथेच्या अनुक्रमणिकेत भाग ३ नंतर थेट भाग ५ ची मोकळी जागा, टॅगच निघून गेले होते. परत एक ओळीचं पत्र पाठवलं. दुसऱ्या दिवशी लावून मिळाले, यावेळी चिठ्ठी नव्हती.